नदीला पाणी दिसतं, तरी काठचा करंज का वाळतो?

सांगोला तालुक्यातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. माण नदीच्या काठी त्यांच्या रानात आजोबांच्या काळापासूनचे करंज, अर्जुन आणि दोन उंबर आहेत. त्यांचे शेंडे वाळायला लागले आहेत. दुष्काळाच्या वर्षांत हे समजण्यासारखं होतं, पण आता टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी नदीत सोडतात, बंधारा भरतो, तरी झाडं सुधारत नाहीत. काठावर हौसेने लावलेली रोपं दुसऱ्या उन्हाळ्यात जातात. आपोआप उगवलेलं नवं झाड एकही दिसत नाही, उगवते ती फक्त वेडी बाभूळ. नदीचं पाणी आणि काठची झाडं यांचा नेमका संबंध काय, असं त्यांनी विचारलं आहे.

तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी एकत्र दिसताहेत. जुनं झाड वाळणं हे एक आणि नवं झाड न येणं हे दुसरं. दोन्हींचं मूळ पाण्यातच आहे, पण पहिल्यावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून वेगवेगळं सांगतो.

आधी मोठी झाडं. काठावरचा अर्जुन समोरच्या डोहातलं पाणी पितो असं आपण धरून चालतो. १९९१ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात टॉड डॉसन आणि जेम्स एलरिंगर या दोघांनी ओढ्याकाठच्या झाडांच्या खोडातलं पाणी तपासलं. पावसाचं पाणी, ओढ्याचं पाणी आणि खोलवरचं भूजल यांत हायड्रोजनच्या समस्थानिकांचं, म्हणजे त्याच्या हलक्या आणि जड अणूंचं, प्रमाण थोडं थोडं वेगळं असतं, त्यामुळे खोडातलं पाणी कुठून आलं हे ओळखता येतं. ओढ्याला अगदी खेटून उभी असलेली मोठी झाडं ओढ्याचं पाणी जवळजवळ वापरतच नव्हती, ती खालचं भूजल ओढत होती. ओढ्याच्या पाण्यावर होती ती लहान झाडं. म्हणजे पात्र भरलेलं आहे की कोरडं, एवढ्यावरून मोठ्या झाडाची तब्येत सांगता येत नाही. काठाखालची पाण्याची पातळी किती खोल आहे आणि ती किती वेगाने खाली जाते, हे बघावं लागतं.

ही पातळी नदीवर अवलंबून असतेच. सप्टेंबरात पूर येतो तेव्हा पाणी दोन्ही काठांत आडवं मुरतं आणि नदी ओसरली की तेच हळूहळू पात्रात परत झिरपतं. पूर्वी माणेला दिवाळीनंतरही वाळूखालून पाणी चालू असायचं ते यामुळे. वरून कोरडं ठक्क दिसणाऱ्या पात्रात हातभर खड्डा केला की झरा लागायचा, आणि झाडं त्याच पाण्यावर उन्हाळा काढायची.

आता वाळूचा हिशेब बघा, कारण सगळी मेख तिथे आहे. भूजलाचा अंदाज काढताना आपल्याकडे वाळूच्या थरातून साधारण १६ टक्के पाणी मोकळं होतं असं धरतात आणि झिजलेल्या बसाल्टातून, म्हणजे आपल्या मुरमातून, फक्त २ टक्के. मीटरभर वाळूत १६ सेंटिमीटर उंचीचं पाणी मिळतं, मीटरभर मुरमात २ सेंटिमीटर. काठावरच्या मोटारींनी उपसा तेवढाच ठेवला तरी वाळूत जी पातळी एक मीटर उतरली असती ती मुरमात आठ मीटर उतरते. हे कागदावरचं गणित आहे, प्रत्यक्षात वरून खालून थोडी भर पडते, पण दिशा हीच. वाळू उपशात पात्रातली वाळू गेली म्हणजे झाडाची पाण्याची कोठीच गेली. नंतर वरून कितीही आवर्तनं, म्हणजे योजनेच्या पाण्याच्या पाळ्या, सोडा, साठवायला जागा नाही.

यावर मला माहीत असलेलं सगळ्यात नेमकं काम पूर्व कोलोरॅडोतल्या एका कोरड्या, वाळूच्या नदीवरचं आहे. परिस्थिती जवळजवळ तुमचीच. पात्रातून वाळू काढायची होती. संशोधकांनी उपसा सुरू होण्याच्या एक वर्ष आधीपासून काठावरच्या ६८९ पॉपलर झाडांच्या नोंदी ठेवायला घेतल्या आणि एकूण चार वर्षं त्या चालवल्या. जिथे पाण्याची पातळी एक मीटर किंवा जास्त खाली गेली आणि खालीच राहिली, तिथे तीन आठवड्यांत पानं करपली, फांद्या वाळायला लागल्या आणि तीन वर्षांत ८८ टक्के झाडं मेली. एक मीटर! मोठ्या वाढलेल्या झाडासाठी आपल्याला हे काहीच वाटत नाही.

एवढ्याने झाड का मरतं? जाड वाळूत पाणी केशाकर्षणाने फार वर चढत नाही. पाण्याच्या पातळीच्या लगेच वर एक ओलसर पट्टा असतो आणि बारीक, काम करणारी मुळं तिथे दाटलेली असतात. त्याच्या खाली हवा नाही, वर ओल नाही. पातळी सावकाश उतरली तर मुळं मागोमाग जातात. एकदम उतरली तर ती अधांतरी राहतात. वर पानांतून बाष्प जातच असतं, खालून पुरवठा तुटतो, खोडातल्या पाण्याच्या नळ्यांवर ताण येतो आणि शेवटी त्यांत हवा शिरते. हवा शिरलेली नळी बाद होते. सगळ्यात जास्त ताण शेंड्याला असतो म्हणून शेंडा आधी जातो. पॉपलरमध्ये तर झाड काही फांद्या सोडून देऊन उरलेल्या वाचवतं, हे अभ्यासलं गेलेलं आहे. तुमच्या करंजाच्या खोडावर खाली जे कोवळे फुटवे आले असतील ते कुऱ्हाडीने साफ करू नका. झाड आपला पसारा उतरवून मिळणाऱ्या पाण्याएवढा करतंय, पुढची काही वर्षं ते त्याच फुटव्यांवर जगणार आहे. वाळलेला शेंडा मात्र परत हिरवा होत नाही.

रोग की पाणी, हे ओळखायची माझी पद्धत सांगतो. पात्रात उतरून काठाच्या उभ्या कडेकडे तोंड करून उभं राहा. जुन्या करंजाखाली बहुधा मुळांची एक झालर हवेत लोंबताना दिसेल. जाड मुळं वाकडी होऊन आत वळलेली, बारीक मुळं वाळून तपकिरी झालेली, मधेच एखादा जुना शिंपला किंवा गोट्यांचा थर अडकलेला. एके काळी पात्रातली वाळू आणि ओल किमान त्या उंचीपर्यंत होती. तिथपासून आजच्या तळापर्यंत टेप सोडा. ते अंतर पुरुषभर निघालं, तर वाळवी, बुरशी, कीड यांच्या मागे लागायचं कारण नाही. वाळवी मागाहून येते, आणि बिल तिच्या नावावर फाटतं.

टेंभूचं पाणी येतं तरी फरक का नाही, याला दोन-तीन कारणं आहेत. एक तर वर सांगितलेली कोठी. दुसरं, हे पाणी पुरासारखं येत नाही. बंधारा भरला की ते उभं राहतं. उभ्या पाण्यातला बारीक गाळ तळावर बसतो आणि पातळ, चिकट थर होऊन पाझर कमी करतो. मोठा पूर हा थर खरवडून नेतो, आवर्तनात तेवढी ताकद नसते. तिसरं म्हणजे पाणी आलं रे आलं की दोन्ही काठांवरच्या मोटारी चालू होतात. यात शेतकऱ्याला दोष देत नाही, डाळिंब जगवायचं असतं. पण झाडाच्या बाजूने बघितलं तर पातळी थोडी वर येते आणि काही आठवड्यांत परत खाली जाते. मुळं त्या ओलीत फुटतात आणि पुन्हा अधांतरी राहतात. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला झाडं वेगवेगळी दिसतात का, ते जरूर बघा. वरच्या अंगाला झाडं बरी आणि भिंतीखाली दोनशे-चारशे मीटरवर वाळलेली असतील, तर निदान पक्कं.

वरच्या अंगालाही एक धोका असतो. मुळं बाराही महिने बुडून राहिली तर सगळ्याच जातींना ते मानवत नाही. अर्जुन, करंज, जांभूळ पाण्यात उभे राहून काही काळ काढतात. कडुनिंब ओलावा मुरून राहिला की कुजतो. फुगवट्याच्या, म्हणजे बंधाऱ्यामागे तुंबलेल्या पाण्याच्या, कडेला कडुनिंब मेलेला आणि करंज जिवंत दिसला, तर तिथे दुखणं उलटं आहे, पाणी जास्त झालंय.

खोलीकरणाबद्दलही बोलतोच, कारण हा प्रश्न पुढे येणारच. नदी किंवा ओढा जेसीबीने रुंद आणि खोल केला की फोटोत पाण्याची लांबच लांब पट्टी छान दिसते. पण काठाखालचं पाणी नेहमी तळाच्या दिशेने उतरतं. तळ दोन मीटर खाली नेला तर डोह आटल्यावर काठही तेवढाच जास्त खाली निथळतो. झाडाच्या दृष्टीने खोलीकरण आणि वाळू उपसा यांत फार फरक नाही. डोह उन्हाळाभर भरलेला राहणार असेल तर चालून जातं. आपल्या भागात तो किती ठिकाणी राहतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आता दुसरं दुखणं, नवी झाडं न येण्याचं. यावर सगळ्यात जास्त काम उत्तर अमेरिकेच्या कोरड्या पट्ट्यात, तिथल्या पॉपलरवर झालं आहे. आपल्या वाळुंजाच्याच कुळातलं ते झाड. त्याचं बी कापसाळ, वाऱ्यावर उडणारं, आणि ते थोडेच दिवस जगतं. त्या थोड्या दिवसांत त्याला पुराने नुकती धुतलेली, उघडी, ओली माती मिळाली तरच ते रुजतं. मग रोपाची शर्यत सुरू होते. पाणी खाली चाललंय आणि मूळ त्याच्या मागे. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातले जॉन महोनी आणि स्ट्युअर्ट रूड यांनी १९९८ साली याचा हिशेब मांडला. पातळी दिवसाला साधारण अडीच सेंटिमीटरपेक्षा वेगाने उतरली तर रोपाचं मूळ तिला गाठू शकत नाही. रोप काठावर फार खाली उगवलं तर पुढचा पूर किंवा बर्फ त्याला उखडून नेतो, फार वर उगवलं तर ते तहानेने मरतं. मधला एक अरुंद पट्टा उरतो. वेळ आणि उंची दोन्ही जुळलं तरच त्या वर्षी पीक येतं, आणि ते दर वर्षी जुळत नाही. कित्येक नद्यांवर एकाच चांगल्या पुराच्या वर्षात जन्मलेली, एकाच वयाची झाडं ओळीने उभी दिसतात ती यामुळेच.

याचा सगळ्यात सुखद दाखला नेवाडातल्या ट्रकी नदीचा आहे. १९०५ साली तिथे डर्बी धरण झालं, पाणी शेतीकडे वळलं आणि खालचं नदीकाठचं जंगल विरत गेलं. १९८०च्या दशकात नदीत पाणी सोडायला सुरुवात झाली ती झाडांसाठी नव्हतीच. कुई-उई नावाचा दुर्मिळ मासा पिरॅमिड सरोवरातून नदीत चढून अंडी घालतो, त्याच्यासाठी ते पाणी होतं. पण १९८७ साली काठावर पॉपलर आणि वाळुंजवर्गी झाडांची रोपं भरभरून आली. पाणी योग्य मोसमात आलं होतं आणि सावकाश ओसरलं होतं. पुढे तिथल्या लोकांनी हाच धडा घेऊन पाणी एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने कमी करायला सुरुवात केली आणि जंगल परत आलं. धरण तिथेच आहे, शेतीही चालू आहे.

उलट बाजूही सांगतो. २०१४च्या वसंतात अमेरिका आणि मेक्सिको यांनी मिळून कोलोरॅडो नदीच्या सुकलेल्या त्रिभुज प्रदेशात सुमारे १३ कोटी घनमीटर पाणी सोडलं. आपल्या मापात साडेचार टीएमसीच्या जरा वर. पाणी पोचलं तिथली हिरवाई त्या वर्षी वाढली, पुढच्या वर्षांत ती पुन्हा उतरली. नवी पॉपलर-वाळुंजं टिकली ती मुख्यतः जिथे आधी जमीन साफ करून तयार ठेवली होती आणि भूजल वर होतं, तिथे. पाणी सोडणं आणि झाड येणं यांच्या मध्ये जमिनीची तयारी असते, हे तिथे दिसलं. चीनमधल्या तारिम नदीवरही असंच. २००० सालापासून खालच्या कोरड्या पात्रात पाणी सोडताहेत, पात्रालगतची जुनी झाडं त्याने सावरली. रोपांसाठी मात्र पाण्याने पात्र सोडून काठावर पसरावं लागतं.

आपल्या झाडांचं वेळापत्रक पॉपलरपेक्षा वेगळं आहे, म्हणून ते आकडे जसेच्या तसे लावू नका. करंजाच्या शेंगा आणि अर्जुनाची पाच पंखांची फळं उन्हाळ्यापर्यंत पिकतात, झाडाखाली पडून राहतात आणि पहिल्या पुराबरोबर तरंगत जाऊन काठाला लागतात. जांभूळ मे-जूनमध्ये पिकतं, त्याचं बी सुकलं की संपलं. ही सगळी झाडं पावसाळी पुरावर बेतलेली आहेत, आणि माणदेशात खरं पाणी येतं ते परतीच्या पावसात. पुराच्या रेषेवर रुजलेल्या रोपाला ऑक्टोबरपासून जूनपर्यंत आठ महिने पाण्याचा पाठलाग करायचा असतो. असं एखादं करंजाचं रोप जानेवारीत कडेची माती सावकाश ढासळून उघडं करून बघा. वर चार-सहा पानांची वीतभर काडी दिसेल आणि खाली सोटमूळ तिच्या कितीतरी पट लांब, जवळजवळ फाटा न फुटता सरळ उतरलेलं, टोकाशी ओली माती चिकटलेली. ते टोक कोरड्या मातीत निघालं तर ते रोप मार्च बघत नाही.

आता यात उन्हाळी आवर्तन घाला. मार्च-एप्रिलमध्ये पाणी येतं, कडेचा पट्टा ओला होतो, पडलेली करंजाची बी तिथे रुजते आणि आठ-पंधरा दिवसांत पाणी बंद. नेमक्या कडक उन्हात ओल पळून जाते. त्यातून वाचलेलं रोप पुढच्या पुराने बुडतं, कारण ते फार खाली उगवलेलं असतं. उरलीसुरली शेळ्या बघतात. करंजाचा पाला शेळी फारसा आवडीने खात नाही, पण उन्हाळ्यात तिला तरी निवड कुठे असते!

वेडी बाभूळ या सगळ्यात का जिंकते? तिला पुराची वेळ पाळावी लागत नाही. शेंगा जनावरं खातात, बी शेणातून सगळीकडे पडतं, पाऊस पडेल तेव्हा ती उगवते आणि मूळ खोल मारते. तिच्या जातभाईची, मेस्किटची, मुळं ॲरिझोनात टूसॉनजवळच्या एका खाणीत ५३ मीटर खोलीवर सापडली होती. मौज अशी की त्याच टूसॉनजवळ सांताक्रूझ नदीकाठी मेस्किटचं दाट जंगल होतं, विहिरींच्या उपशाने पाणी खोल गेलं आणि तेही मेलं. खोल मुळांनाही मर्यादा असते. तुमच्या काठावर ही बाभूळ कारण म्हणून आलेली नाही, रिकामी जागा बघून आली आहे. नुसती ती उपटून काठ मोकळा केला तर पुढच्या पावसात तीच परत येईल.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. आधी मोजा. दोन इंची पीव्हीसी पाइपला खालच्या मीटरभर भागात हॅक्सॉने आडव्या चिरा पाडा, त्यावर जाळी गुंडाळा आणि वाळणाऱ्या झाडापासून पाच-सात पावलांवर उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पातळीपर्यंत भोक पाडून तो पुरा. वर टोपण. ऑक्टोबरपासून दर पंधरा दिवसांनी टेप सोडून पातळी लिहून ठेवा, शेजारी आवर्तनाची तारीख लिहा. एका वर्षात कळेल की पाणी आलं की पातळी किती चढते आणि किती दिवसांत परत पडते. या नोंदी घेऊन पाणी वापर संस्थेत बोललात तर तुमचं म्हणणं ऐकलं जाईल. मागणी एकच करा, शेवटचं पाणी एकदम तोडू नका, तेवढंच पाणी जास्त दिवस आणि कमी कमी करत द्या.

जुन्या झाडांना खोडाशी आळं करून पाणी घालण्यात अर्थ नाही. फांद्यांचा घेर जिथे संपतो त्या रेषेत तीन-चार ठिकाणी छिद्रं असलेले पाइप मीटर-दीड मीटर खोल पुरा आणि फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत त्यांतून पाणी खाली सोडा. घेराखालची माती आणि समोरची उरलेली वाळू हलू देऊ नका, कुणी कितीही गोड बोलून ट्रॅक्टर घेऊन आलं तरी.

नवी लागवड पुराच्या नेहमीच्या रेषेच्या थोडी वर करा. अगदी पाण्यालगत नको, आणि रस्त्याच्या कडेला उंचावर तर नकोच. जागा ठरवायला जानेवारीत पहारीने भोक पाडा, कमरेइतक्या खोलीच्या आत ओल लागली तर जागा चालेल. करंजाची बी जूनमध्ये थेट टोचलेली बरी, पिशवीत सोटमूळ वेटोळं होतं आणि ती खोड जन्मभर राहते. अर्जुन आणि जांभूळ रोपांनी लावा, पण उंच पिशवीतली घ्या. ठिबकचं रोज थोडं थोडं पाणी देऊ नका, मुळं वरच खेळत राहतात. पहिल्या वर्षी भरपूर पाणी आणि मधले खाडे वाढवत न्यायचे, आठवड्यावरून पंधरवड्यावर, मग तीन आठवड्यांवर. तुमची रोपं दुसऱ्या उन्हाळ्यात जातात ती बहुतेक इथेच. पहिलं वर्ष टँकरने लाडात काढलेलं असतं आणि मूळ अजून फूटभरावरच असतं.

पाइपमधली पातळी मे महिन्यात चार-पाच मीटरच्या खाली जात असेल, तर त्या पट्ट्यात अर्जुन-जांभळाचा हट्ट सोडा. तिथे हिवर, बाभूळ, शिंदी लावा आणि करंज फक्त फुगवट्याच्या अंगाला ठेवा. वेडी बाभूळ एकदम सगळी काढू नका, रोपांच्या वरच्या बाजूची एक ओळ दोन-तीन वर्षं वारा आणि शेळ्या अडवायला राहू द्या आणि रोपं डोक्याच्या वर गेली की मग ती मुळासकट काढा.